स्लाइडवरचा गुलाबी भाग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी आपल्या अंकात आतल्या पानावर एक चौकट होती. मथळा : 'कोलॅजेन पसरवते अंडाशयाचा कर्करोग'. खाली सात ओळी. त्याच दिवशीच्या पुरवणीत अर्धं पान व्यापून कोलॅजेन पावडरची जाहिरात, बरणी गालाला टेकवून हसणारी मुलगी. संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या बाकावर काय गोंधळ उडाला असेल ते आपण ओळखलंच असेल.

दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी अकराशे रुपयांची सीरमची बाटली ओल्या कचऱ्यात टाकली. (काच सुक्या कचऱ्यात जाते हे मी सांगितलं, पण ऐकण्याच्या मनःस्थितीत त्या नव्हत्या.) त्या बाटलीत कोलॅजेन नव्हतंच, हायलुरॉनिक ॲसिड होतं, पण आपल्या बातमीच्या सहाव्या ओळीत तेही नाव होतं. तळमजल्यावरच्या काकांना गुडघ्यात हायलुरॉनिक ॲसिडचंच इंजेक्शन घ्यायचं होतं. त्यांनी गुरुवारची वेळ रद्द केली. तुम्हाला अंडाशय नाही, असं काकूंनी त्यांच्या लक्षात आणून दिलं तेव्हा ते जरा वरमले. वेळ मात्र पुन्हा घेतली नाही.

मग सगळे माझ्याकडे वळले, कारण 'या लॅबमध्ये होत्या'.

लोकांना वाटतं मी रक्त तपासायचे. 1984 ते 2018, चौतीस वर्षं मी पुण्यातल्या एका रुग्णालयात हिस्टोपॅथॉलॉजीची तंत्रज्ञ होते आणि रक्ताशी माझा फारसा संबंध आला नाही. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या डब्यातून आमच्याकडे यायचा. डॉक्टर त्यातले नेमके भाग कापून द्यायचे. रात्रभर ते भाग अल्कोहोल, झायलिन आणि वितळलेल्या मेणातून फिरायचे. सकाळी मेणाची वडी पाडायची, बर्फावर गार करायची आणि मायक्रोटोमवर चार मायक्रॉनचे काप काढायचे. एका मिलिमीटरचे अडीचशे भाग केले तर त्यातला एक, एवढी ती जाडी. कापांची सलग पट्टी निघते. ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती पडू न देता काचेवर उचलायची, मग रंगवायची. दुपारी घरी निघताना साडीच्या निऱ्यांतून मेणाचा भुगा गळायचा. ही माझी नोकरी.

रोजच्या रंगात पेशींची केंद्रकं निळीजांभळी दिसतात आणि बाकीचं गुलाबी. डॉक्टर निळं बघतात, कारण कर्करोगाचं निदान मुख्यतः तिथे होतं : केंद्रक किती मोठं, किती वेडंवाकडं, किती पेशी दुभंगताहेत. मधलं गुलाबी सगळ्यांच्या नजरेखालून जातं आणि सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. आम्ही तंत्रज्ञ आपसांत त्याला 'मधला मसाला' म्हणायचो. पुस्तकातलं नाव एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स. आपल्या बातमीत त्याचं 'पेशीबाह्य आव्यूह' झालं होतं. आव्यूह हा गणिताच्या पुस्तकातला शब्द आहे, आकड्यांच्या ओळी आणि स्तंभ मांडलेला. पेशींच्या मधल्या चिकट, ताणलेल्या, ओलसर पदार्थाला तो कोणी लावला असेल? माणसाने लावला नसावा असा माझा संशय आहे.

हा मसाला काय असतो ते सांगते, म्हणजे मथळा कुठे चुकला ते कळेल.

त्यात सर्वांत जास्त असतं कोलॅजेन. दोर आहे तो. तीन साखळ्या एकमेकींत गुंफलेल्या, अगदी तीन पेडांची वेणी. ही वेणी 1954-55 मध्ये ज्यांनी जगाला दाखवली ते जी. एन. रामचंद्रन, मद्रासला बसून, सहकारी गोपीनाथ कर्था यांच्याबरोबर, आणि तपासायला घेतलेले धागे होते कांगारूच्या शेपटीच्या स्नायुबंधाचे. आपल्या पुरवणीत कोलॅजेनवर एवढे लेख येतात, एकदा तरी त्यांचं नाव छापा. दोराला पेशी धरून राहावी म्हणून फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन अशी प्रथिनं असतात, हूक म्हणा. पेशीच्या अंगावर त्या हुकांसाठी काजं असतात, त्यांचं नाव इंटिग्रिन. आणि पोकळ्यांत भरलेलं असतं ते हायलुरॉनन, म्हणजेच सीरमच्या बाटलीवरचं हायलुरॉनिक ॲसिड. सब्जा भिजवला की प्रत्येक बी भोवती जसा बुळबुळीत गोळा धरतो, तसा काही पेशी आपल्याभोवती हायलुरॉननचा गोळा धरतात. त्याला व्हर्सिकन नावाचा आणखी एक रेणू चिकटला की तो गोळा आणखी फुगतो. असा गोळा धरलेली पेशी सरकायला सैल होते. निरोगी, मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पंधरा ग्रॅम हायलुरॉनन असतं आणि त्यातला तिसरा हिस्सा रोज मोडून नवा होतो. म्हणजे ताईंनी कचऱ्यात टाकलेल्या बाटलीपेक्षा त्यांच्या स्वतःच्या अंगातलं हायलुरॉनन कितीतरी जास्त आहे. ते कुठे टाकणार?

बातमी ज्या रोगाबद्दल होती तो पसरण्याच्या बाबतीत बाकीच्या कर्करोगांपेक्षा वेगळा वागतो. रक्तातून दूर जाण्याची त्याला घाई नसते. सर्वांत जास्त आढळणारा जो प्रकार, तो बऱ्याचदा अंडाशयात सुरूही होत नाही. बीजनलिकेच्या टोकाला जी झालर असते तिथे सुरू होतो. तिथून पेशी गळून पोटाच्या पोकळीत पडतात. पोटात थोडं पाणी असतंच. श्वासाबरोबर, आतड्यांच्या हालचालीबरोबर ते फिरतं आणि पेशी त्याबरोबर तरंगतात. एकट्या कमी, गोळे करून जास्त. या गोळ्यांवर आपल्याकडेच काम झालंय : बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. रामराय भट यांच्या गटाने 2021 मध्ये दाखवलं की काही गोळे स्वतःच स्वतःभोवती मॅट्रिक्सचं एक अस्तर विणतात, आतून पोकळ होतात, आणि विकराने (म्हणजे एन्झाइमने) ते अस्तर विरघळवलं की त्यांचा घाट मोडतो. म्हणजे पेशी पाण्यातसुद्धा आपला मसाला बरोबर घेऊन फिरते. (इथे पुण्यातही, गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातल्या 'एनसीसीएस' या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत, डॉ. शर्मिला बापट यांच्या गटाने 2005 मध्ये याच कर्करोगातल्या मूळपेशींसारख्या पेशी दाखवल्या होत्या. आपला वार्ताहर तिथे रिक्षाने पोचला असता.)

आता हे गोळे उतरतात कुठे? पोटात आतड्यांवर चरबीचा एक पदर असतो. डॉक्टर त्याला ओमेंटम म्हणतात, जुन्या ग्रंथांत वपा. खरोखर पदरासारखाच तो वरून खाली सोडलेला असतो. या पदरावर आणि पोटाच्या आतल्या भिंतीवर एकाच पेशीच्या जाडीचा थर असतो, दुधावरच्या सायीइतका नाजूक, आणि सायीखाली लगेच कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन. साय शाबूत असेल तर गोळ्याला खालचे हूक मिळत नाहीत. पण गोळा साय बाजूला सारतो, अक्षरशः जोर लावून. 2011 मध्ये अमेरिकेत जोन ब्रुगे यांच्या प्रयोगशाळेने ते सूक्ष्मदर्शकाखाली टिपलं. शिकागोच्या अर्न्स्ट लेंगिएल यांच्या गटाने त्याहून चकित करणारी गोष्ट दाखवली : कर्करोगाच्या पेशी रसायनांतून निरोप धाडतात आणि सायीच्या निरोगी पेशींनाच जादा फायब्रोनेक्टिन करायला लावतात. म्हणजे चोराने घरमालकालाच बाहेरून कडी बसवायला सांगायचं आणि त्याने ती बसवून द्यायची. याच गटाने हेही दाखवलं की पदरातल्या चरबीच्या पेशी नंतर त्या कर्करोगाला इंधन पुरवतात.

बसल्यानंतर शेजारच्या तंतुपेशी कामाला लागतात. कोलॅजेनवर कोलॅजेन रचत जातात. मऊ पदर पुठ्ठ्यासारखा, पुढे पुढे लाकडासारखा होतो. सर्जन लोक त्याला 'ओमेंटल केक' म्हणतात. हे नाव ज्याने दिलं त्याने केक कधी हातात धरला नसावा.

हे मला पुस्तकातून कळायच्या कितीतरी आधी हाताला कळलं होतं. निरोगी ओमेंटम कापणं हा आम्हाला वैताग. चरबीत मेण नीट मुरत नाही, वडी लिबलिबीत राहते, पट्टी पाण्यावर फाटते. आलीच काचेवर, तर अनारशासारखी जाळी दिसते, नुसती भोकं, कारण चरबी झायलिनमध्ये विरघळून गेलेली असते. आणि कर्करोगाचं ओमेंटम आलं की पातं सरसर चालायचं. वडी घट्ट, पट्टी एकसंध, सुरकुती नाही. नव्या मुली खूश व्हायच्या, "मॅडम, आज ओमेंटम काय छान कापलं गेलं!" त्या छान कापल्या जाण्याचा अर्थ काय ते मी त्यांना लगेच सांगत नसे. जेवणाची सुट्टी झाल्यावर सांगायचे.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं ओमेंटम 2014 मध्ये आमच्याकडेच आलं.

त्यांना मी वहिनी म्हणायचे. 2013 च्या दिवाळीत त्या माझ्याकडे चकल्या करायला आल्या होत्या. तळून झाल्यावर अर्धी चकली खाल्ली आणि बाजूला ठेवली, "पोट भरलं गं." मग म्हणाल्या, परकराची नाडी कमरेला रुतते, धुऊन धुऊन आटला वाटतं. आम्ही दोघींनी परकराच्या कापडाला नावं ठेवली. संक्रांतीला भेटल्या तेव्हा त्यांनी तुळशीबागेतून लांब नाडी आणून ओवली होती, आणि घरात गाऊनच घालायला लागल्या होत्या. भाकरी निम्मी राहायची. रात्री चार वेळा बाथरूमला उठायच्या. चेहरा उतरलेला आणि पोट तेवढं वाढलेलं. नेहमीच्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, बदलून दिल्या, मग साखर तपासली, मग 'वयाप्रमाणे चालायचंच' म्हणाले. वहिनी तेव्हा एकसष्टच्या. आणि मी? रोज ज्या रोगाच्या वड्या कापत होते त्याच रोगाची बाई माझ्यासमोर बसून नाडीबद्दल बोलत होती, आणि मी तिला ओवा खायला सांगितला. गरम पाण्याबरोबर.

होळीच्या आठवड्यात श्वास लागायला लागला तेव्हा सोनोग्राफी झाली. पोटातून साडेतीन लिटर पाणी काढलं. तिसरा टप्पा. तीन वेळा केमोथेरपी, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, मग पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या त्या आठवड्यात ऑपरेशन. डबा आमच्या टेबलावर आला. त्यावरचं नाव वाचून मी तो सहकारणीकडे सरकवला, तिने काही विचारलं नाही.

पण स्लाइड मी पाहिली. आणि एक गोष्ट केली जी नियमात बसत नव्हती : उरलेल्या एका कापाला मी स्वतःहून ट्रायक्रोम केलं. या रंगात पेशी लाल दिसतात आणि कोलॅजेन निळं. केमोथेरपीने काम चोख केलं होतं. लाल फार थोडं उरलं होतं, चार-दोन पुंजके, मरगळलेले. पण निळं! कडेपासून कडेपर्यंत निळं, दोरावर दोर, आणि ते लाल पुंजके त्या दोरांच्या मधोमध. पेशी मेल्या होत्या आणि त्यांनी बांधून घेतलेलं घर तसंच उभं होतं. अहवालात त्या सगळ्या निळ्यासाठी एक शब्द होता, 'फायब्रोसिस'. शब्द बरोबरच आहे. केमोथेरपीनंतर ओमेंटममध्ये किती कर्करोग उरला याला एक ते तीन गुण देण्याची पद्धत त्यानंतर लवकरच रूढ झाली, आणि तिच्यात आजूबाजूचे तंतूही पाहिले जातात. तेव्हा मी एवढंच केलं, ती स्लाइड पुन्हा ट्रेमध्ये ठेवून दिली.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर रोग परत आला, पोटातच. 2016 मध्ये वहिनी गेल्या.

त्यानंतर मी वाचायला लागले. पुतणी जैवतंत्रज्ञानात आहे, ती शोधनिबंध आणून देते आणि माझ्या इंग्रजीवर हसते. आपल्या सात ओळींत जे आलं नाही ते हे : रोग औषधाला दाद देईनासा होण्यात या मसाल्याचाही हात असतो. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की कार्बोप्लॅटिन दिल्यावर अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी जास्त हायलुरॉनन करायला लागतात, आणि हायलुरॉननमुळे औषध बाहेर फेकणारे पेशीतले पंप वाढतात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात फ्रान्सिस बॉकविल यांच्या गटाने 2018 मध्ये ओमेंटमच्याच तुकड्यांवर काम करून मॅट्रिक्सच्या 22 रेणूंच्या जनुकांचा एक निर्देशांक काढला. कोणते वाढलेत, कोणते घटलेत यावरून रुग्णाचं पुढे कसं होईल याचा अंदाज येतो; आणि गंमत म्हणजे तो अंदाज इतर कितीतरी अवयवांच्या कर्करोगांनाही लागू पडला. ज्याच्यावरून आमची नजर घसरत होती तो गुलाबी भाग.

मग तो मसालाच काढून टाका की, असं बाकावर कोणीतरी म्हणालंच. तेही करून झालंय. मॅट्रिक्स कापणारे विकर अडवणारी औषधं नव्वदच्या दशकात मोठ्या आशेने आली. अंडाशयाच्या कर्करोगातही त्यांतलं एक तपासलं गेलं आणि रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. फायब्रोनेक्टिन ज्या काजात अडकतं ते काज बुजवणारी प्रतिपिंडं आली, तीही पुढे गेली नाहीत. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हायलुरॉनन विरघळवणारं औषध 2019 मध्ये शेवटच्या चाचणीत पडलं. असं का होतं याला माझ्यापाशी एका तंत्रज्ञाचं उत्तर आहे : तेच कोलॅजेन एका ठिकाणी कुंपण असतं आणि दुसऱ्या ठिकाणी शिडी. कुंपण पाडलंत तर आतलं बाहेर पडेल. कुठलं कोलॅजेन, कोणत्या जागी, किती ताठ, कोणी रचलेलं, यावर सगळं अवलंबून. हायलुरॉननचंही तेच, त्याची लांब साखळी वेगळं बोलते आणि मोडलेले तुकडे वेगळं.

म्हणून 'कोलॅजेन पसरवते कर्करोग' हा मथळा 'दोरी फाशी देते' म्हणण्यासारखा झाला. पावडर खाल्ली की पोटात तिची अमिनो आम्लं आणि बारीक तुकडे होतात. ती काही वेणीची वेणी ओमेंटममध्ये जाऊन बसत नाही. चेहऱ्याला लावलेलं हायलुरॉनिक ॲसिड कातडीच्या वरच्या थरांत राहतं. गुडघ्यातलं गुडघ्यात. यामुळे अंडाशयाचा कर्करोग होतो असा काहीही पुरावा नाही. (पावडरीने सुरकुत्या जातात का, हे त्या जाहिरातीतल्या मुलीला विचारा, तिला मुळात एकही नव्हती.)

दुसरी तक्रार जाहिरातींचीच आहे, पण वेगळी. महिलादिनाच्या आसपास आपल्याकडे 'स्त्री-आरोग्य पॅकेज' झळकतात, त्यात सीए-125 ही रक्ततपासणी असते. सीए-125 म्हणजे काय तर एक मोठं, साखरेने मढलेलं प्रथिन, कर्करोगाच्या पेशीच्या अंगावरचं. पोटातल्या सायीच्या पेशींवर मेसोथेलिन नावाचा जो रेणू असतो त्याला ते पकडतं. म्हणजे तोही एक हूकच. तुटून रक्तात आला की मोजता येतो. 35 च्या वर गेला तर वाढला म्हणतात. निदान झालेल्या रुग्णावर उपचार किती लागू पडतोय हे बघायला तो फार उपयोगी. पण काहीच त्रास नसलेल्या बाईला तपासून? ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर वर्षानुवर्षं हा प्रयोग झाला. 2021 मध्ये अंतिम निष्कर्ष आला : अशा चाळणीने मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय हा आकडा पाळीत वाढतो, गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं त्या एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, आणि आपल्या देशात विसरू नये असं म्हणजे पोटाच्या क्षयरोगातही वाढतो. त्यातही पोटात पाणी होतं. मी अशी बाई पाहिली आहे जिच्या घरच्यांनी कर्करोग धरून रडून घेतलं होतं आणि स्लाइडवर निघाला क्षय. सहा महिन्यांच्या औषधाने बरी झाली.

त्रास नसताना तपासण्या विकणाऱ्यांना अर्धं पान मिळतं. त्रास असताना काय करायचं, याला सात ओळींतली एकही नाही. म्हणून मीच लिहिते. पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात किंवा पोटात दुखणं, लघवीला घाईने किंवा वारंवार जावं लागणं. यांतलं काही नव्याने, गेल्या वर्षभरात सुरू झालं असेल आणि महिन्यातले बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर गॅसची गोळी बदलून घेऊ नका. सोनोग्राफी करा म्हणा. तपासणाऱ्याने नाही म्हटलं तर का नाही ते विचारा. आईला, मावशीला, बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर ते न विचारता सांगा. आणि रोग निघालाच, तर ऑपरेशन स्त्रीरोग-कर्करोगाच्या सर्जनकडून करून घ्या, कारण या रोगात पोटात काय उरतं यावर पुढचं पुष्कळ ठरतं. देशात वर्षाला सत्तेचाळीस हजारांच्या आसपास स्त्रियांना हा रोग होतो आणि बहुतेकींना तो पदर लाकूड झाल्यावर कळतो.

दुरुस्ती छापाल का? फक्त मथळ्याची. आणि 'आव्यूह' पुन्हा वापरू नका. 'पेशींमधलं जाळं' म्हणा, 'आधारद्रव्य' म्हणा, 'मधला मसाला' म्हटलंत तरी माझी हरकत नाही.

पत्र फार लांबलं. आपण कापणार हे मी धरून चालले आहे, आणि कापण्यातच हयात गेल्यामुळे मला त्याचा रागही नाही. फक्त पातं कुठे लावायचं ते सांगते. औषधं फसली तो भाग आखडता येईल. रामचंद्रन कापलेत तर वाईट वाटेल, पण सोसेन. काकांचा गुडघा तर काढाच; ते आपलाच पेपर घेतात. चकल्यांपासून ओव्यापर्यंतचा परिच्छेद मात्र आहे तसा जाऊ द्या, माझ्या ओव्यासकट.

कळावे,
एक निवृत्त हिस्टोपॅथॉलॉजी तंत्रज्ञ,
सहकारनगर, पुणे

(नाव छापू नये ही विनंती. वहिनींच्या मुलींना विचारून लिहिलं आहे. त्यांची एवढीच अट होती.)